दाजींच्या आधी हसलेला माणूस

दाजींचा धंदा हसण्याचा होता. लोकांना हसवण्याचा नव्हे. ते काम नटांचं, आणि नट ते कसं करतात याबद्दल दाजींचं मत फारसं बरं नव्हतं. दाजी स्वतः हसायचे. नाट्यगृहात मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसून, ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापाचं. कारण लोक नाटकाला येतात हसायलाच, पण पहिलं हसायचं कुणी, या विचारानं एकमेकांची तोंडं बघत बसतात. आपण हसलो आणि तो विनोद नसलाच तर? एकदा कुणीतरी सुरुवात केली की मग सगळे मोकळे. तो कुणीतरी म्हणजे दाजी.

त्यांना दाजी म्हणायचा फक्त त्यांचा मेहुणा, तेही रीतसर, बहिणीचा नवरा म्हणून. पण मेहुणाही त्याच रस्त्यावर कामाला लागला आणि येता-जाता "दाजी, चहा झाला का" असं ओरडायला लागला, तेव्हापासून डोअरकीपरपासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळ्यांचेच ते दाजी झाले.

रस्ता म्हणाल तर शहरातला सगळ्यात झगमगता. एका कोपऱ्यावर नाट्यगृह, समोर सिनेमाचं थिएटर, आणि त्याच्या शेजारी, फर्निचरच्या दुकानावर, कॅबरेचा हॉल. तिन्ही एकाच मालकाची आणि तिन्हींना मॅनेजर एकच. दाजींची बायको सिनेमाच्या दुपारच्या खेळाला रडायची. मेहुणा कॅबरेत शिट्ट्या वाजवायचा. म्हणजे घरातली तिन्ही माणसं प्रेक्षक म्हणून नोकरीला होती आणि तिघंही आपापल्या कामात पक्की होती. बायको घरी कधी रडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. कांदा चिरतानासुद्धा तिचे डोळे कोरडे असायचे. पण पडद्यावरच्या आईनं मुलाची बॅग भरायला घेतली की बायको असा काही नाक ओढण्याचा आवाज काढायची, की तिच्या मागच्या चार रांगा पर्समध्ये रुमाल शोधायला लागायच्या. मेहुण्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि तेच त्याचं भांडवल होतं. दाताच्या डॉक्टरचा बोर्ड दिसला की तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायचा.

कॅबरे दुपारचा होता. हेही मॅनेजरसाहेबांचंच डोकं. हॉल संध्याकाळपर्यंत रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून त्यांनी खिडक्यांना जाड पडदे लावले, आत निळे दिवे सोडले, आणि भर उन्हातून आलेल्या लोकांना चहा-बिस्किटांसकट रात्र विकायला सुरुवात केली.

साहेबांना काटकसरीची फार आवड. नाटकातल्या बंगल्यातला सोफा आणि कॅबरेवाली ज्याच्यावर रेलून गायची तो सोफा, हा एकच होता. कॅबरे संपला की दोन हमाल तो घेऊन रस्ता ओलांडायचे. नाटकात इन्स्पेक्टरचं काम करणारा नट सोडून गेला, तेव्हा साहेबांनी नवा नट आणला नाही. डोअरकीपरकडे युनिफॉर्म होताच. तो पहिल्या अंकात तिकिटं फाडायचा आणि तिसऱ्या अंकात नायकाला अटक करायचा. प्रॉम्प्टर पडदाही ओढायचा, त्यामुळे पडद्याच्या वेळी वाक्य विसरायची कुणाची हिंमत नव्हती.

हे सगळं दाजी बघत होते. दुसऱ्यांच्या बाबतीत त्यांना त्याची मजा वाटायची.

आणि एका संध्याकाळी, नाटक चालू असताना, ते घडलं.

पहिल्या अंकात नायकाच्या घरी त्याचा बॉस कपाटात लपलेला असतो आणि शेवटी नायकाच्या बायकोचा गाऊन घालून बाहेर येतो. दाजींची पहिली मोठी जागा. कपाटाचं दार करकरलं, गाऊन दिसला, दाजींनी नेहमीसारखा छातीत श्वास भरला, आणि मागून कुणीतरी हसलं.

खळखळून, मोकळं, आणि दाजींच्या बरोब्बर एक श्वास आधी.

सगळं सभागृह त्या हसण्याच्या मागे गेलं. दाजींचा भरलेला श्वास तसाच राहिला. तो कुठंतरी सोडायला हवा म्हणून त्यांनी खोकून घेतलं. मग मान वळवून पाहिलं, तर दोन रांगा मागे एक मफलर गुंडाळलेला मध्यमवयीन माणूस डोळे पुसत होता.

हसणं हा त्यांचा रोजचा व्यवहार, त्यामुळे पुढचे दोन्ही अंक ते नाटक न बघता त्या माणसाचं हसणं ऐकत बसले. सुरुवात नाकातून. मग आवाज खाली पोटात उतरायचा, तिथं थोडा घोटाळायचा, आणि शेवटी बारीकशी उचकी. ती उचकी ऐकून दाजींचा धीर सुटला. उचकी त्यांना इतक्या वर्षांत जमली नव्हती. हे काम नवख्याचं नव्हतं. हा माणूस कुणीतरी तयार करून पाठवलेला होता.

घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट सांगितली. बायकोनं ताटं वाढता वाढता ऐकून घेतलं आणि तुमचं वय झालंय, तुम्हीच उशिरा हसला असाल, असं म्हणून विषय मिटवला. मेहुणा मात्र गंभीर झाला. मग जेवणभर चर्चा झाली. तो पलीकडच्या रस्त्यावरच्या नाट्यगृहाचा हेर असेल. मालकांचा लांबचा भाचा असेल, नोकरीला चिकटवायला आणलेला. पेपरात परीक्षण लिहिणारा असेल, पण मग हसला कशाला असता? एक शक्यता मात्र तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आली नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. त्या रस्त्यावर ती फार दिवसांत कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बायको सिनेमाहून आली ती चपला दारातच भिरकावून. आल्या आल्या पाणीसुद्धा प्यायली नाही.

"माझ्या आधी रडला मेला," ती म्हणाली. "अजून आईनं बॅगेला हातसुद्धा लावला नव्हता."

मफलरवाला तिच्याच रांगेत, चार खुर्च्या सोडून बसला होता. पडद्यावर मुलगा नुसता दारात उभा राहिला, तेवढ्यात ह्यानं हुंदका दिला. मग मफलरमध्ये नाक शिंकरलं. तिच्या मते ती मफलरची कल्पना फारच वरच्या दर्जाची होती. रुमाल काय, कुणीही आणतं. मफलरला नाक पुसणारा माणूस बघितला की शेजाऱ्याला वाटतं, ह्याला रडू अचानक आलंय.

त्यानंतर मेहुण्यानं कॅबरेत डोळ्यात तेल घालून पहारा केला. मफलरवाला तिथंही आला. शिट्टी काही त्यानं वाजवली नाही, पण जे केलं ते शिट्टीच्या वरताण होतं. सगळे गाणाऱ्या बाईंकडे बघत असताना हा उठून उभा राहिला आणि कोपऱ्यात अ‍ॅकॉर्डियन वाजवणाऱ्या म्हाताऱ्यासाठी टाळ्या वाजवायला लागला. त्या म्हाताऱ्यासाठी आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती. तो इतका गोंधळला की पुढचं गाणं त्यानं मागच्याच चालीत वाजवलं आणि बाईंना सोफ्यावर अर्धवट रेललेल्या अवस्थेत थांबून राहावं लागलं.

"दाजी, तुमच्या लक्षात येतंय का?" मेहुणा म्हणाला. "सोफा एक, डोअरकीपर एक. आता माणूसही एकच. तिघांच्या जागी."

घरभाडं, बायकोच्या हाताखाली नुकतंच आलेलं शिवणयंत्र, मेहुण्याचं जमत आलेलं लग्न, सगळं त्या तीन खुर्च्यांवर उभं होतं. आणि प्रेक्षक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार? अनुभव काय सांगणार, बसायचा?

मेहुण्यानं मग मफलरवाल्याच्या मागावर राहायचं ठरवलं. एकदा तो बागेपर्यंत त्याच्या पाठोपाठ गेला आणि धापा टाकत परत आला. मफलरवाला बाकावर एकटा बसला होता, पाव खात होता, आणि मध्येच, समोर कुणी नसताना, हसत होता. उचकीसकट.

"सराव करतो तो," मेहुणा म्हणाला. "फावल्या वेळात."

हे दाजींना फार लागलं. त्यांनी स्वतः किती दिवसांत सराव केला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते बाथरूममध्ये बादली उपडी घालून, तिच्यावर बसून उचकीचा अभ्यास करायला लागले. शेजारच्या बाईंनी बायकोला थांबवून, घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. बायको म्हणाली, ठीक आहे, हे कामाचं हसतायत. त्या बाईंनी त्यानंतर आमटीची वाटीसुद्धा उसनी मागितली नाही.

एकदा दाजींनी मॅनेजरसाहेबांना आडून आडून विचारूनही पाहिलं. साहेब, मागच्या रांगांत नवीन माणसं दिसतात हल्ली. साहेब सोफ्याचा फाटलेला हात डिंकानं चिकटवत होते. ते म्हणाले, येऊ देत की, नवीन माणूस आलं पाहिजे, जुन्यांवर किती दिवस चालायचं. दाजी तिथून निघाले तेव्हा त्यांना जिना दिसत नव्हता.

बेत दाजींचाच. त्यांचं म्हणणं असं, की हसणं माणूस हवेतून आणत नाही. दुसऱ्या हसणाऱ्याकडून घेतो. मफलरवाल्यानं दाजींच्या सगळ्या जागा आधी येऊन पाठ केल्या असणार, आणि आता एक श्वास आधी मारतोय. मग आपण जागा नसताना हसायचं. हा लगेच हसेल, चुकीच्या जागी हसेल, आणि साहेबांना कळेल की ह्याला नाटक समजत नाही, हा नुसती नक्कल करतो.

तिसऱ्या अंकात नायकाचे वडील मरतात. विनोदी नाटकात वडील मारायचं काही कारण नव्हतं, पण लेखकानं हट्ट धरला होता. आपल्याला लोकांनी उथळ म्हणू नये, एवढीच त्याची इच्छा. सोफ्यावर वडील निजलेले, शेजारी नायक, दिवा मंद. नाटकातली ही एकच जागा अशी, की तिथं दाजी बिनकामाचे असायचे. एरवी ते त्या वेळात चपलेचा अंगठा सरळ करायचे.

ठरलेल्या दिवशी तिघंही नाटकाला आले. बायको मफलरवाल्याच्या डाव्या हाताला बसली, मेहुणा उजव्या. काम एवढंच, की तो हसला की साहेबांकडे बोट दाखवायचं. साहेब नेहमीप्रमाणे मागच्या दारात उभे होते.

वडील म्हणाले, "बाळ, दिवा विझव." नायकानं दिवा विझवला. वडिलांची मान कलली. आणि दाजी हसले.

जन्मात हसले नव्हते असं हसले. खुर्चीचा हात धरून, पाय आपटून, शेवटी उचकी काढून. उचकी अखेर जमली होती.

पण एक गोष्ट दाजींनी धरली नव्हती. ह्या सभागृहाला त्यांनीच वर्षानुवर्षं वळण लावलं होतं. मधल्या रांगेतून तो आवाज आला की ह्या लोकांचे गाल आपोआप वर जायचे. सगळं सभागृह हसायला लागलं. कशाला हसतोय हे कुणाला कळेना, पण शेजारचा हसतोय म्हणजे काहीतरी असणार. बाल्कनीतले लोक खाली वाकून, आपलं काय हुकलं, ते बघत हसायला लागले.

इकडे बायको. तिला कुणी रडायला सांगितलं नव्हतं. पण समोर मरण, मंद दिवा, मुलगा, आणि तिचा इतक्या वर्षांचा सरावलेला हात. तिच्या नाकातून तो आवाज निघालाच, आणि एकदा निघाला की शेवटापर्यंत जायची तिची पद्धत होती. एका बाजूला हशा, एका बाजूला हुंदके, हे बघून मेहुणा बावरला. आपण एकटेच काही करत नाही असं वाटून त्यानं दातांतून एक लांबलचक शिट्टी ठोकली.

शिट्टी ऐकून मेलेल्या वडिलांनी एक डोळा उघडला. प्रॉम्प्टरला वाटलं, पडद्याची खूण झाली. पडदा अर्धा आला आणि वडिलांच्या पायाशी अडकला. बाहेर पान खात बसलेला डोअरकीपर गोंधळ ऐकून आत धावला, युनिफॉर्म अंगावर होता म्हणून थेट स्टेजवर चढला, आणि आपलं वाक्य लवकर आलं असं समजून त्यानं नायकाला बापाच्या प्रेताशेजारी अटक केली.

ह्या सगळ्यात एक माणूस हसला नाही. मफलरवाला उठला, दोन रांगा पुढे आला, आणि दाजींच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "अहो, त्याचे वडील गेलेत."

साहेबांनी चौघांनाही केबिनमध्ये नेलं. केबिन लहान. त्यात कॅबरेच्या बाईंच्या पिसांची टोपली ठेवलेली, त्यामुळे प्रत्येकाच्या अंगाला पिसं चिकटली. साहेब काही बोलायच्या आधीच दाजींचा बांध फुटला.

"साहेब, एकाच माणसाकडून तिघांचं काम करून घ्यायचं होतं तर तोंडावर सांगायचं होतंत. आम्ही इतके दिवस तुमच्याकडे आहोत."

"कुणाकडून करून घेतोय मी?"

"ह्यांच्याकडून."

साहेबांनी मफलरवाल्याला खालून वर पाहिलं. त्यांनी त्याला विचारलं, तुम्ही आमच्याकडे कामाला आहात का. तो म्हणाला, नाही, माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आता ते मुलगा बघतो, मला वेळ असतो. दाजी कुत्सितपणे हसले. मेहुण्यानं, वेळ कसला, हा माणूस बागेत सराव करतो, असं सांगितलं. प्रकरण वाढतंय असं दिसल्यावर तिकीटखिडकीवरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या एरवी केबिनमध्ये यायच्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की हे गृहस्थ रोज तिकीट काढून येतात. तिन्हीकडे. रांगेत उभे राहून.

"तिकीट काढून?" साहेब म्हणाले, आणि उठून उभे राहिले. त्यांनी त्याच्यासाठी पंखा लावला. पिसं उडायला लागली.

बायकोला मात्र हे पटेना. ती त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. "मग हसता कशाला?"

"हसू येतं म्हणून."

"आणि माझ्या सिनेमात रडता ते?"

"ते रडू येतं म्हणून," तो म्हणाला.

बायकोनं भावाकडे पाहिलं. इतकं सरळ उत्तर तिला आजवर कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे तिचा संशय उलट बळावला. मेहुणाही मान हलवत होता, म्हणजे बघा किती मुरलेला आहे. दाजींनी मात्र साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिथं काय शिजतंय ते त्यांना कळलं. साहेब एकदा मफलरवाल्याकडे बघत होते, एकदा ह्या तिघांकडे.

"हा पैसे देऊन हसतो," साहेब सावकाश म्हणाले, "आणि तुम्हाला मी पैसे देतो."

एकाच माणसात तिघांचं काम, ही कल्पना त्यांच्या काटकसरी डोक्यातही तोवर आलेली नव्हती. ती दाजींनी त्यांना आणून दिली होती, घरून, अगदी तयार करून.

तिघांची नोकरी गेली.

घरात सुतकासारखं झालं. बायकोनं रडून मोकळं व्हावं म्हणून प्रयत्न केला, पण पडदा समोर नसताना जमेना. मेहुण्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, सध्या जावईबापू काय करतात, असा निरोप पाठवला. मेहुणा आयुष्यात पहिल्यांदा दाताच्या डॉक्टरच्या बोर्डाखाली उभा राहून विचार करून आला. दाजी खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांकडे बघायचे. बघावं तो माणूस त्यांना कुणाचा तरी पगारी वाटायचा. भाजीवालीशी हसून बोलणारी बाई कुणाची असेल? कुत्र्याला थोपटणारा तो म्हातारा?

तिकडे साहेबांनी मफलरवाल्याला डोक्यावर घेतला. त्याला तिन्हीकडचा पास दिला. नाट्यगृहात पहिल्या रांगेत त्याची खुर्ची ठेवली आणि नटांना तो नीट दिसावा म्हणून त्याच्या डोक्यावर छोटा दिवा लावला. नट लागले थेट त्याच्याकडे बघून वाक्यं टाकायला. बॉस कपाटातून बाहेर आला की गाऊन सावरत आधी त्याच्याकडे बघायचा. सिनेमाच्या थिएटरात खेळ सुरू व्हायच्या आधीच त्याच्या मांडीवर इस्त्रीचा रुमाल आणून ठेवायचे. कॅबरेत अ‍ॅकॉर्डियनवाला म्हातारा वाजवायचा थांबून त्याच्या टाळीची वाट बघायचा.

तो माणूस गारठला. मफलरमध्ये मान घालून दगडासारखा बसायला लागला. पहिल्या रांगेतला तो दिव्याखालचा माणूस हसत नाही म्हटल्यावर मागचे लोक म्हणाले, कुणीतरी मोठा जाणकार दिसतोय, त्याला हसू येत नाही म्हणजे ह्यात काही नसणार. सभागृह चिडीचूप. सिनेमात कुणाचं नाक वाजेना. मालकांनी साहेबांना बोलावून विचारलं, हा माझा धंदा आहे की वाचनालय.

म्हणून साहेब दाजींच्या घरी आले. आले ते बिस्किटांचा पुडा घेऊन, आणि पुडा कॅबरेतला होता. त्यांनी आधी हवापाण्याचं बोलून घेतलं, शिवणयंत्राचं कौतुक केलं, मग मुद्द्यावर आले. मफलरवाला पुन्हा पहिल्यासारखा व्हायला हवा. त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं, म्हणजे तो एकटा पडणार नाही, मग तो हसेल, मग बाकीचे हसतील. दाजी, तुम्ही या. दाजी हो म्हणणारच होते. बायकोनं त्यांच्या पायावर पाय दिला.

"तिघं येऊ," ती म्हणाली, "नाहीतर एकही नाही. आणि डोक्यावरचा दिवा काढा त्याच्या. मेल्यासारखा दिसतो."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण कबूल केलं. तिघांच्या खुर्च्या परत मिळाल्या, फक्त आता त्या मफलरवाल्याच्या शेजारी होत्या. दुपारी बायको त्याच्याबरोबर सिनेमाला, मग मेहुणा कॅबरेला, संध्याकाळी दाजी नाटकाला. तो माणूस सभ्य होता. त्यानं तक्रार केली नाही. दाजींना लवंगाही द्यायचा. पण त्याची सवय बिघडली होती. हसू यायच्या बेतात असलं की तो आधी दाजींकडे बघायचा, मग मागे वळून सगळ्या रांगांवरून नजर फिरवायचा.

"त्या जाड्या बाई तुमच्यातल्या का?" एकदा त्यानं कुजबुजत विचारलं.

"नाही. त्या खऱ्या असाव्यात."

"कशावरून?"

मध्यंतरात दाजींनी त्या बाईंना नीट बघून घेतलं. बाई एकट्याच बसून वेफर्स खात होत्या आणि स्वतःशी हसत होत्या. दाजींना ते लक्षण काही ठीक वाटलं नाही.

पण धंदा सावरला. मफलरवाला पहिल्याइतका नाही तरी थोडं थोडं हसायला लागला, आणि जिथं तो अडखळायचा तिथं दाजी हात द्यायचे. मेहुण्याचं लग्न ठरलं. दाताच्या फटीला होणाऱ्या बायकोनंच अभय दिलं.

मग एका प्रयोगाला दुसऱ्या अंकात बंगल्याची भिंत हलली. भिंत म्हणजे रंगवलेलं कापड आणि मागे लाकडी टेकू, आणि टेकू हल्ली साहेब दुपारी कॅबरेच्या पडद्यासाठी नेत; सगळे परत येतच असं नव्हतं. नायक नायिकेला, मी तुझ्यासाठी जग सोडून येईन, असं सांगत होता. भिंत त्याच्या पाठीवर हळूहळू आली. त्यानं ती पाठीनं धरली आणि जागचा न हलता, जग सोडून येईन, हे पुन्हा सांगितलं. नायिकेला त्याच्या मिठीत जायचं होतं, पण मिठीला त्याचे हात मोकळे नव्हते, म्हणून तिनं एका कडेनं भिंत धरली आणि दोघं तसेच प्रेम करत राहिले. शेवटी डोअरकीपर स्टेजवर आला, खांद्यावर भिंत घेतली, आणि तेवढ्यात सभागृहात कुणीतरी उशिरा आलेलं दिसलं म्हणून एका हातानं बॅटरी मारून स्टेजवरूनच त्यांना त्यांची रांग दाखवली.

दाजींना हसू आलं.

ते कुठून येतंय हेच त्यांना आधी कळेना. त्यांनी श्वास घेतलेला नव्हता, माप घेतलेलं नव्हतं, ही कुठलीच जागा नव्हती. आवाज चिरका, बेसूर, मध्येच फुटणारा, धंद्यात असं हसले असते तर त्यांनीच स्वतःला काढून टाकलं असतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी तोंडावर हात दाबला, तर ते नाकातून बाहेर पडलं. मागच्या रांगेतली माणसं वाकून बघायला लागली.

मफलरवाला काही वेळ त्यांच्याकडे एकटक बघत होता. मग त्यानं त्यांच्या गुडघ्यावर समजूतदारपणे थोपटलं.

"राहू द्या दाजी," तो म्हणाला. "साहेब आज आलेले नाहीत."

दाजींना सांगायचं होतं, की हे ते नाही, हे वेगळं आहे. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्दांच्या आधी पुन्हा हसूच बाहेर आलं. मफलरवाल्यानं त्यांच्यासाठी काढलेली लवंग परत खिशात टाकली आणि एक खुर्ची सोडून पलीकडे जाऊन बसला.